करार कोणी मोडला?

माझ्या एका मित्राच्या घरी, बैठकीच्या खोलीत, दारासमोरच्या भिंतीवर एक चौकट असे. काचेमागच्या कागदाला चारी कोपऱ्यांत द्राक्षांचे वेल काढलेले होते आणि मध्ये बायबलातले एक वचन छापलेले होते. मित्राचे आजोबा नगरकडचे, मिशनच्या शाळेत मास्तर. चौकट त्यांच्या वेळची. वचन लेवीय या पुस्तकातले, सव्विसाव्या अध्यायातले नववे. परमेश्वर आपल्या लोकांना सांगतो आहे की मी तुमच्याकडे कृपादृष्टी वळवीन, तुम्हांला फलद्रूप करीन, तुमची संख्या वाढवीन आणि तुमच्याशी केलेला करार राखीन, असा त्याचा आशय. मी ख्रिस्ती नव्हे. यहुदी तर नव्हेच. पण त्या घरी चाळीस वर्षे चहा घेतल्यामुळे ते वचन मला न वाचताही दिसत असे.

गेल्या काही वर्षांत मित्राचे दिवस फिरले. वडिलांपासून चालत आलेला लहानसा छापखाना बंद करावा लागला. यंत्रे भंगाराच्या भावाने गेली. त्याच वर्षी वहिनींना पक्षाघाताचा झटका आला. उजवे अंग गेले, वाचा गेली. मी भेटायला गेलो तेव्हा चौकट भिंतीवर नव्हती. तिच्या जागी रंग न विटलेला चौकोन तेवढा उरला होता. माझी नजर तिकडे गेलेली पाहून तो म्हणाला, "अरे, करार म्हटला की दोन बाजू आल्या. माझ्याकडून कुठलं कलम मोडलं, ते मला तरी आठवत नाही. मग मोडला कुणी?"

तो रागाने बोलला नाही. हिशोबात चूक सापडत नसलेला माणूस बोलतो तसा बोलला. मी त्याला काहीतरी सांत्वनाचे बोललो असेन. ते आता आठवतही नाही. प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला. मजजवळ मराठी बायबल होते. मी तो अध्याय आरंभापासून शेवटपर्यंत वाचला, मग त्याच्या आधीचा वाचला, मग जे हाती लागले ते वाचीत गेलो. त्या वाचनातून मला जे उमगले ते येथे मांडतो आहे. उत्तर सापडले असा माझा दावा नाही. प्रश्न मात्र बदलला.

पहिली अडचण शब्दाचीच आहे. बायबलाच्या दोन भागांना आपण मराठीत जुना करार आणि नवा करार म्हणतो. करार हा अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेला शब्द. तो कचेरीत, पेढीवर आणि शेताच्या बांधावर वाढलेला आहे. करार म्हटला की कलमे आली, मुदत आली, सह्या आल्या. आणि एकाने कलम मोडले की दुसरा मोकळा, हेही आले. १८७२ चा भारतीय करार कायदाही हेच सांगतो: एका पक्षाने आपले वचन पाळण्यास साफ नकार दिला तर दुसऱ्याला करार संपुष्टात आणता येतो. इंग्रजीत याच ग्रंथभागांना जो शब्द रूढ आहे त्याचा व्यवहारातला अर्थ मृत्युपत्र. ग्रीक आणि लॅटिन भाषांतरांतून तो आला. म्हणजे एका भाषेत देव व्यवहार करणारा पक्षकार, दुसऱ्या भाषेत मागे ठेवून जाणारा पूर्वज. मृत्युपत्र एकतर्फी असते, करार दुतर्फी. यांपैकी मूळच्या हिब्रू शब्दाला जवळचा कोणता?

मूळ शब्द आहे बरीथ. आणि गंमत अशी की हिब्रूत बरीथ करीत नाहीत, कापतात. त्यामागे एक जुना विधी आहे. जनावर कापून त्याचे दोन भाग समोरासमोर ठेवायचे आणि करार करणाऱ्यांनी त्यांच्यामधून चालत जायचे. मी वचन मोडले तर माझी गत या जनावरासारखी होवो, असा त्याचा अर्थ. यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथात, चौतिसाव्या अध्यायात, तो अर्थ उघड सांगितलेला आहे. यरुशलेमच्या सरदारांनी दासांना मुक्त करण्याचा करार केला, वासराच्या दोन तुकड्यांमधून ते चालत गेले, आणि मग त्याच दासांना त्यांनी पुन्हा जुंपले. तुमचेही त्या वासरासारखे होईल, असे संदेष्टा त्यांना बजावतो.

हे ध्यानात ठेवून उत्पत्तीचा पंधरावा अध्याय वाचावा. तेथे परमेश्वर अब्रामाशी करार करतो. जनावरे कापलेली आहेत, तुकडे मांडलेले आहेत, सूर्य मावळतो आहे, आणि अब्रामाला गाढ झोप लागलेली आहे. त्या अंधारात धूर ओकणारी एक भट्टी आणि एक जळती मशाल तुकड्यांमधून पार होते. चालतो तो एकटा देव. माणूस झोपलेला आहे. त्याला चालायला कोणी सांगत नाही. करार मोडल्यास जो शाप लागायचा तो येथे देवाने स्वतःवर ओढून घेतला आहे, असेच या चित्रावरून वाटते.

पण सीनाय पर्वतापाशी चित्र वेगळे आहे. तेथे लोक जागे आहेत. मोशे त्यांना आज्ञा वाचून दाखवतो, आम्ही हे सगळे पाळू असे ते एका आवाजात कबूल करतात आणि रक्त अर्धे वेदीवर, अर्धे लोकांवर शिंपडले जाते. हा दुतर्फी करार झाला. तेव्हा बायबलात दोन प्रकारचे करार शेजारी शेजारी उभे आहेत: एक झोपलेल्या माणसाशी केलेला, एक जाग्या लोकांशी केलेला. लेवीयाचा सव्विसावा अध्याय मला महत्त्वाचा वाटू लागला तो यासाठी, की त्याचा आरंभ सीनायच्या भाषेत होतो आणि शेवटाकडे तो अब्राहामाची आठवण काढतो. मध्ये काय होते ते पाहण्यासारखे आहे.

आरंभी अट आहे. तुम्ही माझ्या नियमांप्रमाणे चाललात तर, अशी. मग आशीर्वादांची यादी. पाऊस वेळेवर पडेल. मळणी द्राक्षांच्या हंगामापर्यंत चालेल आणि द्राक्षांचा हंगाम पेरणीला येऊन भिडेल. म्हणजे धान्य इतके येईल की एक काम संपण्यापूर्वी दुसरे दाराशी उभे. पोटभर खाल, निर्धास्त झोपाल. हिंस्र पशू देशातून नाहीसे होतील. जुने धान्य संपलेले नसतानाच नव्यासाठी कणगी रिकामी करावी लागेल. ज्याने दुष्काळ पाहिला आहे त्याने केलेली ही यादी आहे. यांत सोने नाही, राजवाडा नाही. पाऊस, भाकर आणि रात्रीची झोप एवढेच मागणाऱ्या शेतकऱ्यांना दिलेले हे वचन आहे.

आणि ते अनेकांना दिलेले आहे. आपली भाषा येथे आपल्याला फसवते. मराठीत तुम्ही हा शब्द अनेकांनाही लागतो आणि आदराने एकालाही. म्हणून चौकटीतले वचन वाचणाऱ्याला ते आपल्या एकट्यालाच उद्देशून आहे असे सहज वाटते. हिब्रूत तशी सोय नाही. तेथे या अध्यायातले तुम्ही हे निखालस अनेकवचन आहे. पाऊस एका शेतावर पडून शेजारच्या शेतावर पडायचा राहत नाही. राशी या नावाने प्रसिद्ध असलेला अकराव्या शतकातला फ्रान्समधला थोर भाष्यकार याच अध्यायातल्या एका हिशोबाकडे बोट दाखवतो. तुमच्यातले पाच जण शत्रूच्या शंभरांना पळवतील आणि शंभर जण दहा हजारांना, असे वचन आहे. पाचांनी शंभर म्हणजे एकाला वीस. या प्रमाणाने शंभरांनी दोन हजार व्हायला हवेत. मग दहा हजार कसे? जुन्या परंपरेच्या आधारे तो सांगतो की थोड्यांनी धर्म पाळणे आणि पुष्कळांनी पाळणे यांची बरोबरी होत नाही. आशीर्वाद बेरजेने वाढत नाही. माणसे एकत्र आली की तो आपला निराळा हिशोब मांडतो.

पाळायचे नियम तरी कोणते? मूर्ती करू नका, शब्बाथ पाळा, हे अध्यायाच्या तोंडाशीच आहे. पण लगेच आधीचा, पंचविसावा, अध्याय वाचल्यावर मी थबकलो. सहा वर्षे पेरा, सातवे वर्ष जमीन पडीक ठेवा. पन्नासाव्या वर्षी ज्याची वतनाची जमीन विकली गेली असेल त्याला ती परत द्या. भाऊबंद गरीब झाला तर त्याला सांभाळा, त्याच्याकडून व्याज घेऊ नका. आणि या सर्वांचे कारण एका वाक्यात दिले आहे, त्याचा मथितार्थ असा: जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडची परकी माणसे आणि उपरे आहात. आपल्या भाषेत सांगायचे तर देव मालक आणि सारा समाज त्याची कुळे. तेव्हा सव्विसाव्या अध्यायातला पाऊस हा उपासतापासाचे बक्षीस म्हणून आलेला नाही. ज्या देशात कर्जाने बुडालेल्याला जमीन परत मिळते, ज्या देशात जमिनीलाही विसावा मिळतो, त्या देशावर पडणारा तो पाऊस आहे.

येथपर्यंत वाचून मला बरे वाटत होते. पुढे शाप सुरू होतात. आशीर्वादांना अकरा वचने, शापांना सव्वीस. लाटेवर लाट यावी तसे ते येतात आणि प्रत्येक खेपेस शासन सातपट होत जाते. आकाश लोखंडासारखे आणि भूमी पितळेसारखी होईल. दहा बायका एकाच भट्टीत भाकरी भाजतील आणि ती तोलून वाटतील. पुढची भयानक वाक्ये मी येथे लिहीत नाही. वेढा पडलेल्या शहरात उपासमारीने माणसे काय करतात ते त्यांत आहे. शेवटी, वाऱ्याने उडालेल्या पानाच्या आवाजालाही भिऊन माणसे पळत सुटतील. यहुदी प्रार्थनामंदिरांत हा भाग वाचावयाचा आला की वाचणारा आवाज खाली घेतो, असा रिवाज आहे. मिश्ना या प्राचीन संहितेत असाही दंडक आहे की शापांचे वाचन मध्ये तोडून दोघांत वाटायचे नाही. सबंध एकानेच वाचायचे.

ही रचना बायबलाने नव्याने शोधलेली नाही. १९०१–०२ साली सूसा येथे सापडलेल्या हम्मुराबीच्या शिळेवर कायद्यांनंतर आधी थोडे आशीर्वाद आणि मग लांबलचक शाप आहेत. १९५५ साली निम्रूद येथे अश्शूरचा सम्राट एसर-हद्दोन याचे इसवी सनापूर्वी ६७२ मधले शपथनामे सापडले. आपल्यामागे आपल्या मुलाशी इमान राखावे म्हणून त्याने मांडलिकांकडून घेतलेल्या त्या शपथा. त्यांतही जमीन लोखंडाची आणि आकाश धातूचे होवो, पाऊस न पडो, असा शाप आहे. म्हणजे लेवीयाने त्या काळच्या राजनीतीची भाषाच उचलली. सम्राट मांडलिकांशी बोलत त्या भाषेत देव आपल्या लोकांशी बोलतो.

त्या भाषेचा धोका माझ्या मित्राच्या प्रश्नात होता. नियम पाळले तर सुख, मोडले तर दुःख, असे ठरले की माणूस लगेच उलट्या बाजूने वाचू लागतो: अमका सुखात आहे, त्या अर्थी तो देवाला आवडतो, अमका दुःखात आहे, त्या अर्थी त्याने काहीतरी केले असणार. आपल्याकडे हेच काम मागच्या जन्मीच्या कर्माकडून करून घेतात. दुसऱ्याचे दुःख पाहताना हा तर्क फार सोयीचा पडतो. त्याने मदतीला धावण्याचे श्रम वाचतात. स्वतःच्या दुःखात मात्र तो माणसाला खाऊन टाकतो. मित्र रात्र रात्र जागून आपले मोडलेले कलम शोधीत होता, ते यामुळेच.

पण हा तर्क खुद्द बायबलालाच मान्य नाही. ईयोबाचे सगळे गेले, मुले गेली, अंगभर फोड आले. आणि सांत्वनाला आलेले मित्र त्याला सांगत राहिले की तुझे पाप असल्यावाचून हे होणार नाही. ईयोब ऐकेना. तो देवाशी भांडला, त्याने देवाला वादाला बोलावले. ग्रंथाच्या शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. माझ्याविषयी खरे बोलला तो ईयोब, तुम्ही नव्हे, असा त्याचा निवाडा आहे. आणि अनेकवचनाचा मुद्दा येथेही उपयोगी पडतो. देश बुडाला म्हणून देशातला प्रत्येक जण पापी ठरत नाही. यिर्मया त्याच यरुशलेममध्ये, त्याच वेढ्यात होता. जन्मभर जे सांगत आला त्याबद्दल चिखलाच्या हौदात टाकला गेला होता. समाजाला सांगितलेले वचन एका घराच्या भिंतीवर टांगले की त्याच्या आशीर्वादाची मालकीही एका घराकडे येते आणि शापाचा ठपकाही.

शापांपाशी अध्याय संपता तर तो अश्शूरच्या सम्राटाच्या शपथनाम्याहून फारसा निराळा ठरला नसता. पण तो तेथे संपत नाही. देश उजाड झाला आहे, लोक शत्रूच्या मुलखात आहेत, आणि उजाड पडलेली जमीन, जी विसाव्याची वर्षे तिला कधी मिळाली नाहीत, ती आता उपभोगते आहे. मग लोक आपला अपराध कबूल करतील, आणि देव म्हणतो की मी आठवण करीन. याकोबाशी केलेल्या कराराची, इसहाकाशी केलेल्या, अब्राहामाशी केलेल्या कराराची. आणि त्या जमिनीचीही. नावे येथे उलट्या क्रमाने येतात, नातवाकडून आजोबांकडे. जणू कोणी जुन्या घराच्या पायऱ्या एकेक करून मागे उतरतो आहे आणि सर्वांत खाली ती अंधारी रात्र आहे, जेव्हा एक माणूस झोपला होता आणि मशाल एकटी चालत होती. मग येते ते वाक्य, ज्यासाठी मी सबंध अध्याय पुन्हा वाचला. एवढे सगळे झाले तरी, ते शत्रूच्या देशात असतानाही, मी त्यांना टाकून देणार नाही, माझा करार मोडणार नाही, असा त्याचा आशय.

करार कायद्याच्या कोणत्याही पुस्तकात हे बसणार नाही. एका पक्षाने सगळी कलमे मोडल्यावर दुसरा पक्ष सांगतो आहे की मी मोडणार नाही. दगा झालेला सम्राट असे बोलत नाही.

यावर एक आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. अनेक अभ्यासकांच्या मते अध्यायाचा हा शेवट यरुशलेम पडल्यानंतर, बाबेलच्या बंदिवासाच्या सुमारास लिहिला गेला. इसवी सनापूर्वी ५८६ च्या सुमारास शहर पडले, मंदिर जळाले, माणसे पकडून नेली. मग हे देवाचे वचन नसून हरलेल्यांनी स्वतःला दिलेला धीर नव्हे काय? असेल. पण हरलेल्यांना इतर वाटा मोकळ्या होत्या. बाबेलचा देव मोठा ठरला असे म्हणता आले असते. आपला देव खोटा होता असे म्हणता आले असते. त्यांनी तसे न म्हणता नाते चालू आहे असे म्हटले, आणि सातव्या वर्षाचा विसावा आपण जमिनीला दिला नव्हता याची आठवण स्वतःला करून दिली. धीर द्यायचा असता तर ही आठवण कोणी लिहून ठेवली नसती.

तरीही एक जागा अशी आहे की जेथे हा अध्याय मोठ्याने वाचता येत नाही. १९४१ ते १९४५ या वर्षांत युरोपात साठ लाख यहुद्यांची हत्या झाली. त्यांत लहान मुले होती. त्यांच्यासंबंधी कलम मोडल्याची भाषा बोलणे हेच पाप होईल. अर्व्हिंग ग्रीनबर्ग या अमेरिकन रब्बीने १९८२ साली एक विचार मांडला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की या संहारानंतर करार पाळा असा हुकूम करण्याचा नैतिक अधिकार कोणालाच उरलेला नाही, देवालाही नाही. आणि तरीही लोकांनी मुले जन्माला घातली, शब्बाथचे दिवे लावले, करार चालू ठेवला. तो आता स्वेच्छेचा करार आहे. हे वाचले तेव्हा मला उत्पत्तीतले चित्र उलटे झालेले दिसले. तेथे माणूस झोपला होता आणि देव एकटा चालला होता. येथे देव दिसेनासा झाला आहे आणि तुकड्यांमधून माणूस चालतो आहे.

असे चालणारी माणसे आपल्या किनाऱ्यावरही होऊन गेली. कुलाब्याकडचे बेने इस्राएल शेकडो वर्षे अलिबाग-रेवदंड्याच्या परिसरात तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. हिब्रू ग्रंथ त्यांच्याजवळ उरले नव्हते. शमा ही एक प्रार्थना, मुलाची सुंता आणि शनिवारचा विसावा असे थोडेसेच उरले होते. सुंतेच्या विधीलाही हिब्रूत बरीथच म्हणतात. म्हणजे आशीर्वादांची यादी हरवली होती. पाळायचे तेवढे शिल्लक होते. पाऊस, भाकर आणि कणगीचे आश्वासन ज्या पानावर होते ते पान हाती नसताना या माणसांनी दर शनिवारी घाणा थांबवला. १९४८ नंतर त्यांच्यातले बहुतेक इस्राएलला गेले. त्यांच्याविषयी पूर्वी वाचले होते तेव्हा मला त्यात एक चमत्कारिक चाल एवढेच दिसले होते.

आणि आता मला माझी आई आठवते. मी नऊ वर्षांचा असताना माझा धाकटा भाऊ तापाने आजारी पडला. ताप उतरेना. आईने ग्रामदेवतेला नवस केला: पोर उठून बसू दे, जत्रेत साडीचोळीने तुझी ओटी भरीन. नवस हा आपल्याकडचा करारच. फक्त त्यात अट माणूस घालतो. अकराव्या दिवशी भाऊ गेला. पुढे चैत्रात जत्रा आली तेव्हा आईने ट्रंकेतून नवी साडी काढली, खण काढला, नारळ घेतला. आजी म्हणाली, "तिनं आपलं काय ऐकलं म्हणून निघालीस?" आई म्हणाली, "मी बोलले होते." आणि गेली. मी तिच्याबरोबर होतो. देवळात ती रडली नाही. ओटी भरली, हात जोडले आणि परत आली.

पुढे वाचन वाढले तेव्हा मला त्या प्रसंगाची चीड येऊ लागली. देवीने फसवले आणि तरी ही पैसे देऊन आली, असे मला वाटे. मी तो व्यवहार समजत होतो. आईने तो व्यवहार केव्हाच मोडीत काढला होता. देवीने तिची अट पाळली नाही. तरी आपला शब्द आपला आहे, एवढेच तिने ठरवले. यात देवीला माफी होती की देवीला लाजवणे होते, हे मला आजही सांगता येत नाही. कदाचित दोन्ही असेल. पण दुसऱ्याने मोडल्यावरही आपल्या बाजूने न मोडणे म्हणजे काय, हे मी लेवीय वाचण्यापूर्वी साठ-पासष्ट वर्षे पाहिलेले होते.

यावरून दुःखाला अर्थ आला असे मात्र मी म्हणणार नाही. भाऊ गेला तो गेलाच. या नात्याचा मोबदला म्हणून काहीच मिळणार नसेल तर नाते हवे कशाला, असेही कोणी विचारील. आशीर्वादांच्या यादीकडे मी याच प्रश्नाने परत गेलो. तेव्हा दिसले की पाऊस-पाण्याच्या सर्व वचनांनंतर, शेवटी, एक निराळे वचन आहे: मी तुमच्यामध्ये चालेन. हिब्रूत आरंभीच्या अटीतही चालणेच आहे. माझ्या नियमांप्रमाणे चाललात तर. आणि लगोलग तिसरे चालणे: तुमच्या मानेवरचे जू मोडून मी तुम्हांला ताठ मानेने चालवले. मिसर देशातल्या गुलामीतून सुटलेल्यांना ही आठवण दिलेली आहे. म्हणजे अट चालण्याची, आणि यादी संपते तीही चालण्यापाशी, बरोबरीने आणि पाठ सरळ ठेवून. बरोबर चालणे हीच जर देणगी असेल तर ती वाट संपल्यावर हाती पडायची वस्तू नव्हे. हे वारकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही.

चौकटीतल्या वचनाचा पहिला शब्दही मला मग निराळा दिसला. आपण कृपादृष्टी म्हणतो. हिब्रूत तेथे साधे क्रियापद आहे, वळणे. मी तुमच्याकडे वळेन. चेहरा हा शब्दही त्याच धातूशी संबंधित आहे. राशी या ठिकाणी म्हणतो की देव आपली इतर सगळी कामे बाजूला सारून तुमची मजुरी द्यायला तुमच्याकडे वळेल. मजुरीची गोष्ट त्यानेही सोडलेली नाही, आणि घाम गाळणाऱ्याने ती का सोडावी? पण मजुरी कोणाकडूनही मिळते. सगळी कामे बाजूला सारून आपल्याकडे वळलेला चेहरा क्वचित मिळतो.

हे सगळे मी मित्राला सांगितले, थोडे थोडे करून, तीन-चार भेटींत. सबंध अध्याय आम्ही मिळून वाचला. शापांशी आल्यावर त्याने आपण होऊन आवाज उतरवला, रिवाज त्याला ठाऊक नसताना. शेवटपर्यंत वाचून झाल्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आजोबांनी चौकट जरा लहानच आणली म्हणायची." त्यावर आम्ही दोघेही हसलो.

त्याच्या प्रश्नाचे उत्तर मजपाशी नव्हतेच. करार कोणी मोडला ते मला ठाऊक नाही. मोडला आहे की नाही हेही ठाऊक नाही. मला एवढेच वाटते की मोडला कोणी हे विचारणारा माणूस अजून करारात असतो. बाहेर पडलेला विचारीत नाही.

गेल्या महिन्यात गेलो तेव्हा भिंतीवरचा चौकोन तसाच रिकामा होता. चौकट कोठे आहे ते मी विचारले नाही. पेज निवत ठेवलेली होती. बैठकीतली खुर्ची त्याने आतल्या खोलीत नेली होती आणि वहिनींच्या खाटेकडे तोंड करून तो बसला होता. मला पाहून मान हलवली, पण उठला नाही. हातातला चमचा पुढे करून तो त्यांना म्हणत होता, "हं, आणखी एक." मी दाराशीच थांबलो.